दहावीनंतर आयटी डिप्लोमा आणि पुढे विद्यापीठ : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे माहिती तंत्रज्ञानाच्या पदविकेबद्दल, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या आयटी डिप्लोमाबद्दल होती. बहुतेकांना पदविका हे शेवटचे ठिकाण वाटत नाही, पुढे पदवी घ्यायची आहे, म्हणून त्याच अंगाने विचारलेले प्रश्न या वेळी निवडले आहेत. मी तंत्रनिकेतनात हीच शाखा बरीच वर्षे शिकवत आहे, त्यामुळे नियमांबरोबर वर्गात डोळ्यांनी पाहिलेलेही उत्तरांत आले आहे.

प्रश्न : माझ्या मुलाला दहावीला ८१ टक्के गुण मिळाले. संगणकाची त्याला मनापासून आवड आहे आणि आयटीचा डिप्लोमाच करायचा असा त्याचा हट्ट आहे. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की डिप्लोमा केलेला मुलगा दोन वर्षे मागे पडतो, त्यापेक्षा अकरावी-बारावी सायन्स करून सीईटी द्यावी. आम्ही काय करावे? – एक पालक, बारामती

उत्तर : आधी वर्षांचा हिशेब करू, कारण ‘मागे पडतो’ हा समज त्या हिशेबापुढे टिकत नाही. दहावीनंतर बारावीपर्यंत दोन वर्षे आणि अभियांत्रिकी पदवीची चार, अशी एकूण सहा वर्षे लागतात. पदविकेची तीन वर्षे झाली की पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो आणि तिथे तीन वर्षे जातात, म्हणजे याही वाटेने सहाच वर्षे होतात. बारावीनंतर कमी गुणांमुळे पदविकेकडे वळणाऱ्या मुलांचे मात्र एक वर्ष जास्त जाते, कारण बारावी सायन्स झालेल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षात घेतात आणि मग दोन, दोन आणि तीन अशी सात वर्षे होतात. घरातील मंडळींनी पाहिलेली उदाहरणे बहुधा अशा मुलांची असावीत.

तेव्हा निवड वेळेवर ठरत नाही, मुलाच्या अभ्यासाच्या स्वभावावर ठरते. बारावीच्या वाटेवर दोन वर्षांचे फळ जवळजवळ एका परीक्षेत गोळा होते. पदविकेत सहा सत्रे असतात आणि दर सत्राला लेखी, प्रात्यक्षिक, तोंडी आणि टर्म वर्क असे गुण थोडेथोडे साचत जातात. रोज थोडे पण नेमाने करणाऱ्या मुलाला हे मानवते. परीक्षेच्या आधी महिनाभर जिवाचे रान करून बाकी वर्षभर स्वस्थ राहणाऱ्या मुलाचे पदविकेत हाल होतात, मग तो कितीही हुशार असो.

पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र असतेच, हे मुलाला आत्ताच सांगून ठेवा. पहिल्या दिवसापासून फक्त संगणक शिकायला मिळेल अशी समजूत करून आलेली मुले सप्टेंबरपर्यंत हिरमुसतात. दुसऱ्या वर्षापासून मात्र डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, जावा आणि नेटवर्क असे एकेक विषय येऊ लागतात आणि तिसऱ्या वर्षात ऑपरेटिंग सिस्टीम, पायथन, मोबाइल ॲप, नेटवर्कची सुरक्षा इथपर्यंत मजल जाते.

आपण बारामतीचे आहात म्हणून एक आठवण सांगतो. आमच्या एका विद्यार्थ्याने डेटाबेसच्या मायक्रो-प्रोजेक्टसाठी वडिलांच्या गावच्या दूध संकलन केंद्राचे रजिस्टर घेतले होते. सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर दहा दिवसांचे बिल हे सगळे त्याने तक्त्यांत बसवले. पहिल्या आठवड्यात त्याने उत्पादकाचे नाव हीच ओळख धरली आणि त्यामुळे गावातल्या एकाच नावाच्या दोन शेतकऱ्यांचे दूध एकाच खात्यात जमा झाले. प्रायमरी की, म्हणजे तक्त्यातील प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख, म्हणजे काय हे मी वर्गात तीनदा सांगितले होते, पण ते त्याला समजले त्या दोन शेतकऱ्यांमुळे, आणि मग त्याने सभासद क्रमांक घेतला. सतराव्या वर्षी अशी चूक हाताने करून हाताने दुरुस्त करायला मिळणे हे पदविकेचे खरे बळ आहे आणि बारावीच्या वाटेवर ते या वयात मिळत नाही.

याउलट मुलाच्या मनात आयआयटी असेल तर त्याला अकरावीलाच पाठवा. मान्यताप्राप्त तीन वर्षांची पदविका ही जेईईसाठी पात्रता परीक्षा म्हणून धरली जाते, हे खरे आहे. परंतु त्या परीक्षेचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा आहे आणि पदविकेच्या सबमिशनांच्या धबडग्यात तो वेगळा करणे फार थोड्यांना जमते.

पदविकेचा प्रवेश दहावीच्या गुणांवर तंत्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीय प्रक्रियेतून होतो. मुलगा मराठी माध्यमाचा असेल तर इंग्रजीची धास्ती घेऊ नये, कारण राज्य तंत्रशिक्षण मंडळाने मराठी आणि इंग्रजी अशा द्विभाषिक माध्यमाची सोय केलेली आहे. तरीही पारिभाषिक शब्द इंग्रजीतच पक्के करावेत, कारण पुढे पदवीची पुस्तके बहुतांशी इंग्रजीतच वाचावी लागतात.

प्रश्न : मी बारावी कॉमर्सनंतर एका खासगी संस्थेत एक वर्षाचा ‘डिप्लोमा इन आयटी’ केला. प्रमाणपत्रावर ए प्लस श्रेणी आहे. यावर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळेल असे संस्थेच्या माणसाने प्रवेशाच्या वेळी सांगितले होते. आता महाविद्यालये नकार देत आहेत. – एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : तुम्हाला चुकीची माहिती देऊन फी घेतली गेली, याचे मला वाईट वाटते. तुमच्यासारखी पत्रे दरवर्षी येतात. महाविद्यालयांचा नकार योग्य आहे. थेट दुसऱ्या वर्षासाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेतील आणि राज्य तंत्रशिक्षण मंडळाने किंवा स्वायत्त तंत्रनिकेतनाने दिलेली पूर्ण मुदतीची पदविकाच चालते. ‘डिप्लोमा’ हा शब्द कोणत्याही क्लासला आपल्या पाटीवर लिहिता येतो, म्हणून शब्दावर न जाता प्रमाणपत्र कोणाच्या सहीचे आहे ते पाहावे. एमएस-सीआयटी किंवा टॅलीचे प्रमाणपत्र नोकरीसाठी उपयोगी पडेल, पण तेही या प्रवेशासाठी धरले जात नाही. संस्थेने आश्वासन लेखी दिले असेल, माहितीपत्रकात छापले असेल किंवा मोबाइलवरच्या संदेशात असेल, तर ते जपून ठेवा आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे फी परत मागण्याविषयी वकिलाचा सल्ला घ्या.

तुमची बारावी कॉमर्सची आहे, त्यामुळे संगणकाकडे यायचे असेल तर बीसीए ही संगणकाची पदवी हा तुमच्यासाठी अधिक सरळ मार्ग आहे. त्यासाठी २०२४ पासून राज्याच्या सीईटी कक्षाची स्वतंत्र प्रवेश परीक्षा घेतली जाते. एका वर्षात शिकलेले वाया गेले असे मानू नका. पहिल्या दोन सत्रांत ते नक्की कामी येईल.

प्रश्न : मी आयटी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षात आहे. बाकी विषयांत चांगले गुण आहेत, पण पहिल्या वर्षाच्या अप्लाइड मॅथ्समध्ये ४३ गुण होते आणि त्यानंतर गणित पुन्हा आलेच नाही. माझे सीनियर म्हणतात की डायरेक्ट सेकंड इयरला गेलेल्या डिप्लोमावाल्यांची एम-थ्रीमध्ये, म्हणजे पदवीच्या गणित-तीनमध्ये, हमखास केटी लागते, म्हणजे विषय राहतो. ही भीती खरी आहे का? मी इंजिनिअरिंग करू नये का? – एक विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : या प्रश्नाला मी मुद्दाम सर्वांत जास्त जागा देत आहे, कारण पदविकेकडून विद्यापीठाकडे जाणाऱ्या वाटेवरचा खरा चढ हाच आहे आणि प्रवेशाच्या माहितीपत्रकात त्याचा कुठेही उल्लेख नसतो.

तुमच्या सीनियरनी सांगितलेल्या गोष्टीत तथ्य आहे. पदविकेतील गणित पहिल्या वर्षातच संपते. त्या वर्षाच्या दोन सत्रांत लॉगॅरिदम, मॅट्रिक्स, त्रिकोणमिती, सरळ रेषा, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन आणि सोपी डिफरन्शियल इक्वेशन्स होतात. नंतरची दोन वर्षे गणिताची वही कपाटात पडून राहते. तुमच्याबरोबर दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बसणारी मुले मात्र अकरावी, बारावी आणि पदवीचे पहिले वर्ष अशी सलग तीन वर्षे गणित करून आलेली असतात. पदवीच्या पहिल्या वर्षातील एम-वन आणि एम-टू, म्हणजे पार्शल डेरिव्हेटिव्ह, मल्टिपल इंटिग्रल, मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू, हे तुम्ही पाहिलेलेच नसते. आणि मग काही विद्यापीठांत तिसऱ्या सत्रात, काहींत चौथ्यात, गणित-तीन समोर येते. त्यात लाप्लास आणि फूरिए या गणितज्ञांच्या नावाच्या पद्धती असतात, आणि विद्यापीठाप्रमाणे कॉम्प्लेक्स व्हेरिएबल किंवा संभाव्यताही येते.

अडचणीत भर पडते ती वेळापत्रकाची. पदविकेचा निकाल, मग गुणवत्ता यादी, मग प्रवेशाच्या फेऱ्या असे होता होता थेट दुसऱ्या वर्षाची मुले वर्गात येतात तेव्हा तिथले सत्र सुरू होऊन काही आठवडे उलटलेले असतात. पहिला धडा शिकवून संपलेला असतो आणि पहिली चाचणी तोंडावर असते. हुशार मुलगी पहिल्याच महिन्यात मागच्या बाकावर जाऊन बसते, हे मी वारंवार ऐकले आहे.

आता भीतीचा दुसरा भाग पाहू. गणित-तीन हे तुमच्या आवाक्याबाहेरचे आहे का? लाप्लास ट्रान्सफॉर्मचे अगदी सुरुवातीचे उदाहरण घ्या. ‘टी’ या फलाचा लाप्लास काढायचा आहे. व्याख्येप्रमाणे टीला ‘ई’च्या ‘उणे एस टी’ या घाताने गुणायचे आणि शून्यापासून अनंतापर्यंत इंटिग्रेशन करायचे. दोन फलांचा गुणाकार आला की काय करायचे ते तुम्ही दुसऱ्या सत्रात शिकलेल्या आहात, ते म्हणजे बाय पार्ट्स. टी हे पहिले फल धरा, घातांकी फल दुसरे धरा. सूत्रातील पहिले पद दोन्ही टोकांना शून्य होते, कारण खालच्या टोकाला टी स्वतःच शून्य आहे आणि वरच्या टोकाला घातांकी फल टीपेक्षा फार वेगाने शून्याकडे जाते. उरलेल्या इंटिग्रेशनमधून एकदा ‘एक छेद एस’ बाहेर येतो, पुन्हा एकदा ‘एक छेद एस’ येतो, आणि उत्तर मिळते एक छेद एसचा वर्ग. यातील प्रत्येक पायरी पदविकेच्या पहिल्या वर्षाची आहे. नवे आहे ते नाव, आणि अनंताची वरची मर्यादा.

म्हणून माझे उत्तर असे आहे, की जिला दुसऱ्या सत्राचे इंटिग्रेशन हातात आहे तिला गणित-तीन जड जाईल, पण अशक्य नाही, आणि जिचे इंटिग्रेशनच सुटलेले आहे तिला ते खरोखरच समजणार नाही, कारण अडचण लाप्लासमध्ये नसून त्याच्या दोन पायऱ्या खाली आहे. तुमचे ४३ गुण हे बुद्धीचे मोजमाप समजू नका. त्या वर्षी तुम्ही सोळा-सतरा वर्षांच्या होतात आणि सहा-सात विषय एकदम अंगावर आले होते.

शेवटच्या सत्राची परीक्षा झाली की प्रवेशापर्यंत मधे साधारण दोन-अडीच महिने मिळतात. बहुतेक मुले तेवढ्यात वेब डिझाइनचा किंवा पायथनचा एखादा क्लास लावतात. तुम्ही लावू नका. ते सारे पुढे होईलच. या काळात रोज दीड तास फक्त गणिताला द्या. पहिले तीन आठवडे पहिल्या वर्षाची जुनी पुस्तके काढून डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन पुन्हा सोडवा, तेही वाचून नव्हे, लिहून. बाय पार्ट्स आणि पार्शल फ्रॅक्शन या दोन पद्धती पेन न थांबता आल्या पाहिजेत, कारण सरळ लाप्लासला पहिली लागते आणि उलट्या लाप्लासला दुसरी. त्यानंतर ज्या विद्यापीठात जाण्याची शक्यता आहे त्याचा दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि गणित-तीनचा पहिला धडा वर्गात जाण्यापूर्वीच करून ठेवा. तुम्ही उशिरा पोहोचाल तेव्हा गेलेला धडा तुमचा झालेला असेल.

निरनिराळ्या पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांसाठी गणितासारख्या विषयांचे ब्रिज कोर्स विद्यापीठांनी द्यावेत, अशी तंत्रशिक्षण परिषदेची अपेक्षा आहे. काही महाविद्यालयांत ते मनापासून घेतले जातात, काहींत नुसती हजेरीपटावर सही होते. प्रवेश घेतल्या दिवशीच विभागप्रमुखांना विचारा. दहा मुलांनी मिळून विचारले तर तास सुरू होतात, असा माझा अनुभव आहे.

तेव्हा इंजिनिअरिंग जरूर करा. प्रोग्रॅमिंग आणि डेटाबेसच्या तासाला पहिल्या आठवड्यापासून तुम्ही इतरांच्या पुढे असाल आणि प्रात्यक्षिकाला शेजारच्या बाकावरची मुलगी तुम्हालाच विचारायला येईल. तिच्याकडून गणित शिकून घ्यायला संकोच करू नका.

प्रश्न : मला डिप्लोमाला आतापर्यंत ७६ टक्के आहेत. पुण्याचे सीओईपी किंवा मुंबईचे व्हीजेटीआय मिळेल का? न मिळाल्यास बी.एस्सी. आयटी करावे का? – एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : स्पष्ट सांगायचे तर या दोन ठिकाणी संगणक किंवा आयटी शाखा ७६ टक्क्यांवर मिळण्याची आशा धरू नका. तिथे खुल्या गटाची यादी नव्वदीच्या वरच्या टोकाला थांबते. कारण समजून घ्या. थेट दुसऱ्या वर्षाच्या जागा दोन प्रकारे तयार होतात, मंजूर संख्येच्या वर ठेवलेला ठरावीक टक्केवारीचा कोटा आणि पहिल्या वर्षात रिकाम्या राहिलेल्या जागा. नामांकित संस्थेत पहिल्या वर्षी जागा रिकाम्या राहतच नाहीत, त्यामुळे तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतका कोटाच उरतो. शिवाय आता कोणत्याही शाखेच्या पदविकाधारकाला कोणत्याही शाखेसाठी अर्ज करता येतो, म्हणून संगणकाच्या त्या थोड्या जागांवर मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलची नव्वदीतली मुलेही हक्क सांगतात. याच नियमाचा तुम्हालाही फायदा आहे. आयटीची पदविका असली तरी इलेक्ट्रॉनिक्स किंवा डेटा सायन्सच्या जागाही पसंतीक्रमात घालता येतात.

किमान पात्रता खुल्या गटाला ४५ टक्के आणि राज्यातील राखीव गटांना ४० टक्के आहे, सीईटी द्यावी लागत नाही, गुणवत्ता यादी पदविकेच्या गुणांवरच लागते. तुमच्या गुणांवर तुमच्याच विभागातील चांगली महाविद्यालये मिळू शकतात. पसंतीक्रम भरताना पहिल्या क्रमांकावर तेच महाविद्यालय लिहा जे मिळाले तर तुम्ही नक्की जाल, कारण पहिली पसंती मिळाली की ती जागा पक्की धरली जाते आणि पुढच्या फेऱ्यांचे दार बंद होते. ‘सहज म्हणून’ पहिल्या क्रमांकावर लांबचे नाव लिहून पुढे पस्तावलेली मुले मी पाहिली आहेत.

बी.एस्सी. आयटीबद्दल : मुंबई विद्यापीठात आयटी किंवा संगणकाच्या तीन वर्षांच्या पदविकेवर या अभ्यासक्रमाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची तरतूद आहे. ती घेतली तर पदविकेनंतर दोनच वर्षांत पदवी हाती येते, फी अभियांत्रिकीपेक्षा कमी असते आणि लाप्लास-फूरिएचा डोंगर तितका उभा नसतो. पुढे एमसीए करायचे ठरवले तर आणखी दोन वर्षे धरा. घरची परिस्थिती लवकर कमावण्याची असेल तर मी बी.एस्सी. आयटीच सुचवेन. तसे नसेल तर जवळच्या चांगल्या महाविद्यालयातील अभियांत्रिकी घ्या. सांगलीचे असून पुण्या-मुंबईच्या पाट्यांसाठी साधारण संस्थेत दुप्पट खर्च करून राहण्यात अर्थ नाही.

प्रश्न : मुलगी यंदा आयटी डिप्लोमा पूर्ण करेल. आम्ही ओबीसी आहोत, वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत आहे. मुलींना इंजिनिअरिंग मोफत झाले असे ऐकतो. खरे आहे का? कागदपत्रे कोणती? – एक आई, लातूर

उत्तर : खरे आहे. राज्य सरकारच्या जुलै २०२४ च्या निर्णयाप्रमाणे कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला आणि खासगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ही सवलत लागू नाही. वसतिगृह, जेवण, प्रवास हे खर्च आपलेच असतात, ते आधी मांडून पाहा.

मला अधिक काळजी वाटते ती कागदपत्रांची, कारण फीमुळे थांबलेल्या मुलींपेक्षा एका दाखल्यामुळे थांबलेल्या मुली मी जास्त पाहिल्या आहेत. जातीचा दाखला असणे पुरेसे नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि त्याला काही महिने लागू शकतात. तंत्रनिकेतनाच्या कार्यालयाकडून शिफारसपत्र घेऊन अर्ज आजच करा, निकालाची वाट पाहू नका. नॉन-क्रीमीलेअर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे मागच्या वर्षीचा दाखला प्रवेशाच्या वेळी निरुपयोगी ठरू शकतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेले मुलीच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते हेही तयार ठेवा. सर्व दाखल्यांवर मुलीच्या नावाचे स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच आहे ना, हे आज रात्री बसून एकदा पाहून घ्या.

प्रश्न : भाच्याला बारावी सायन्सला ५८ टक्के पडले. मेलबर्नला आमची नातलग आहे. तिथे एक वर्षाचा आयटी डिप्लोमा करून विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षात जाता येते असे एजंट सांगतो. यात कितपत तथ्य आहे? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ही पद्धत तिथे रुळलेली आहे. मोनॅश, डीकिन अशा विद्यापीठांशी जोडलेली महाविद्यालये पदवीच्या पहिल्या वर्षाशी समकक्ष असा डिप्लोमा शिकवतात. वर्ग लहान असतात, शिक्षकांचे लक्ष जास्त असते आणि ठरलेल्या गुणांनी उत्तीर्ण झाल्यास त्याच विद्यापीठाच्या ठरलेल्या पदवीच्या दुसऱ्या वर्षात जागा मिळते. आपल्याकडील पदविकेशी याचे फक्त नावापुरते साम्य आहे. आपली पदविका दहावीनंतर तीन वर्षांची असते, तिथली बारावीनंतर साधारण एक वर्षाची.

एजंटला एक प्रश्न आवर्जून विचारा : हा डिप्लोमा उच्च शिक्षणाचा आहे की व्यवसाय शिक्षणाचा? ऑस्ट्रेलियाच्या पात्रता चौकटीत दोन्ही पाचव्या पातळीवर आहेत आणि पदवी सातव्या पातळीवर, त्यामुळे कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. पण व्यवसाय शिक्षणाच्या डिप्लोमावर विद्यापीठ किती विषयांची सूट देईल हे त्या त्या विद्यापीठावर अवलंबून असते, दुसऱ्या वर्षाची हमी नसते. म्हणून डिप्लोमा आणि पदवी या दोन्हींचा एकत्रित प्रस्ताव विद्यापीठाकडून लेखी मिळाल्याशिवाय पैसे भरू नका, आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी नोंदवहीतील अभ्यासक्रमाचा क्रिकोस क्रमांक स्वतः तपासा.

खर्चाचे चित्रही पाहा. विद्यार्थी व्हिसाचे शुल्क जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर झाले आहे आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. फी आणि प्रवासखर्च सोडून एका वर्षाच्या राहण्यासाठी २९,७१० डॉलर दाखवावे लागतात. सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, त्यामुळे ‘तिथे काम करून फी निघेल’ या वाक्यावर विसंबून कर्ज काढू नका. डिप्लोमात एक-दोन विषय राहिले तर मुक्काम वाढतो आणि फीसुद्धा. अर्ध्यावर परत आल्यास तो डिप्लोमा इथे अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी धरला जात नाही. एवढे सगळे तोलून, नातलगाच्या घरी राहण्याची सोय खरोखर पक्की असेल आणि भाच्याची स्वतःची इच्छा असेल, तर हा मार्ग वाईट नाही. ५८ टक्क्यांची लाज झाकण्यासाठी मात्र त्याला इतक्या लांब पाठवू नये.

प्रश्न : आयटी डिप्लोमा करून चार वर्षे झाली, पिंपरीतील एका कंपनीत सपोर्टमध्ये नोकरी करतो. पदवी नसल्यामुळे बढती अडली आहे. नोकरी सोडणे शक्य नाही. आता काही मार्ग आहे का? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : आहे, आणि तुमच्यासारख्यांसाठीच तो २०२३-२४ पासून खुला झाला आहे. तंत्रशिक्षण परिषदेने ठरावीक मान्यताप्राप्त महाविद्यालयांना नोकरदार पदविकाधारकांसाठी सोयीच्या वेळेत, म्हणजे संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी, अभियांत्रिकी पदवीचे वर्ग चालवण्याची परवानगी दिली आहे. प्रवेश दुसऱ्या वर्षातच मिळतो. किमान एक वर्षाचा पूर्णवेळ नोकरीचा अनुभव लागतो आणि नोकरीचे ठिकाण महाविद्यालयापासून ठरवून दिलेल्या अंतरात असावे लागते. पुणे परिसरात अशी कोणती महाविद्यालये यंदा प्रवेश देत आहेत हे सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर प्रवेशाच्या हंगामात पाहा.

गणिताबद्दल जळगावच्या विद्यार्थिनीला लिहिले आहे ते तुम्हालाही लागू आहे, किंबहुना अधिक, कारण तुमची वही सहा वर्षे बंद आहे. कंपनीकडून अनुभवाचे पत्र आणि ना हरकत दाखला आत्ताच मागा, कारण मनुष्यबळ विभागात हे कागद महिनाभर पडून राहतात. शिक्षणात खंड पडल्याचे प्रतिज्ञापत्रही करून ठेवावे. आणि अर्ज भरण्यापूर्वी एका संध्याकाळी, कामावरून सुटल्यावर, कंपनीच्या दारातून त्या महाविद्यालयापर्यंत खरोखर जाऊन पाहा. नाशिक फाट्यावरच्या गर्दीत किती वेळ जातो ते घड्याळ लावून मोजा, आणि तोच प्रवास तीन वर्षे करणार आहोत असे धरून घरी पत्नीशी किंवा आई-वडिलांशी बोला. त्यांची तयारी असेल तर अर्ज भरा.